तालीम आणि जाणतेपण: वर्धा शिक्षण योजनेकडे पुन्हा पाहताना

शाळेत मुलांना सूत कातायला लावणारी योजना, एवढीच वर्धा शिक्षण योजनेची ओळख आज बहुतेकांच्या मनात उरली आहे. तिच्या बाजूने बोलणारे तिला श्रमसंस्काराचा धडा समजतात. विरोधात बोलणारे म्हणतात, सरकारी तिजोरीवरचा भार मुलांच्या खांद्यावर टाकण्याची ती युक्ती होती. दोघांनाही आधार आहे, कारण योजनेच्या मूळ कागदपत्रांत दोन्ही गोष्टी सापडतात. पण तेवढ्यावर थांबले तर ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात उभा राहिलेला खरा प्रश्न निसटतो. जाणणे कशाला म्हणायचे आणि जाणता कोणाला म्हणायचे, हा तो प्रश्न. पाटीवर त्रैराशिक सोडवणाऱ्या मुलाला गणित येते असे आपण सहज म्हणतो. मग कापसाचा धागा बोटांत धरून त्याचे सूत किती बारीक निघेल हे सांगणाऱ्या बाईला जे येते त्याला काय म्हणायचे? शाळेने या दुसऱ्या प्रकारच्या जाणण्याला ज्ञान मानले नव्हते. वर्धा योजनेने ते मानले आणि वेळापत्रकाच्या मधोमध बसवले. योजना फसली, हे खरेच. पण ती कशामुळे फसली याचा निवाडा तिचे हे म्हणणे लक्षात घेतल्याशिवाय करता येत नाही.

या शिक्षणाला पुढे ‘नई तालीम’ हे नाव रुळले. तालीम हा शब्द मूळचा अरबी. इल्म म्हणजे ज्ञान. त्याच धातूपासून तालीम, म्हणजे दुसऱ्याला जाणते करणे. आपल्या बोलण्यातला ‘मालूम’ही त्याच घरातला. हिंदी-उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण एवढाच अर्थ राहिला, मराठीने मात्र हा शब्द अंगाच्या बाजूने उचलला. पैलवान घुमतात ती तालीम, नाटक उभे राहण्याआधी होते ती तालीम. पुन्हा पुन्हा करून अंगात मुरवायचे ते शिक्षण. इंग्रजीतही असाच प्रवास दिसतो. ‘नो’ हे इंग्रजी क्रियापद आणि संस्कृतातला ‘ज्ञा’ धातू एकाच मुळातून निघाले आहेत. आपले ‘जाणणे’ त्या ‘ज्ञा’चेच वंशज. आणि करता येणे या अर्थाचे ‘कॅन’ हे इंग्रजी क्रियापदही त्याच कुळातले आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ जाणणे असाच होता. ‘कनिंग’ हा शब्दही तिथलाच. तो आधी ज्ञान आणि कसब यांसाठी वापरला जाई, नंतर घसरत घसरत लबाडीवर आला. मराठीत हे दोन अर्थ अजून एकाच क्रियापदात नांदतात: मला कन्नड येते, मला पोहता येते.

यावर कोणी म्हणेल की शब्दाच्या मुळावरून सत्य ठरत नाही. ही हरकत बरोबर आहे. हजार वर्षांपूर्वी जाणणे आणि करता येणे यांना एकच शब्द होता म्हणून आजही त्या गोष्टी एकच आहेत असे सिद्ध होत नाही. व्युत्पत्ती फक्त एवढे दाखवते की या दोहोंमधली भिंत भाषेने पहिल्यापासून घातलेली नव्हती. ती कोणी घातली आणि तिचा फायदा कोणाला झाला, हे शोधायचे तर शब्दकोश बाजूला ठेवून कामाच्या इतिहासाकडे जावे लागते. वर्धा जिल्ह्यात हा इतिहास म्हणजे कापसाचा इतिहास.

नागपूरपासून वेगळा काढून १८६२ मध्ये वर्धा जिल्हा तयार झाला आणि चारच वर्षांनी पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवले गेले. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेली रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली होती. या साऱ्या घाईमागे कापूस होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाड-वर्ध्याच्या काळ्या मातीकडे वळली. हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात त्याच नावाने ओळखला जात होता. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कापूस आयुक्त नेमला गेला, आणि त्या पदावरच्या रिव्हेट-कार्नॅकचे अहवाल कापसाच्या जाती, त्यांतली भेसळ आणि गाठी बांधण्याच्या रीती यांच्या नोंदींनी भरलेले असत. त्या नोंदींतली माहिती मुळात कोणाकडून आली? कोणते बी कोणत्या जमिनीत धरते, कोणत्या वेचणीची बोंडे राखून ठेवायची, लांब धाग्याच्या कापसात आखूड धाग्याची भेसळ कशी ओळखायची, हे जाणणारे कुणबी होते, वेचणाऱ्या बाया होत्या, जाडेभरडे कापड विणणारे महार आणि बारीक कापड विणणारे कोष्टी होते. त्यांचे जाणणे सरकारी अहवालात शिरले की ते शास्त्र ठरे. ते त्यांच्याच हातात असेपर्यंत ते फक्त काम होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हिंगणघाट आणि पुलगावला कापडगिरण्या उभ्या राहिल्या, हाताने सूत काढणे मागे पडले, आणि त्या हातांकडे काही होते याची आठवणही पुसत गेली. याच काळात जिल्ह्यात शाळा वाढल्या, पण त्या शाळेत वाचन, लेखन, हिशेब आणि पाठांतर होते. गावाचा सारा संसार ज्यावर चालत होता त्या कापसाला तिथे जागा नव्हती.

ही जागा मागणारा पहिला मोठा मराठी आवाज जोतीराव फुल्यांचा होता. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत मोडी, बालबोध आणि हिशेबाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत असे मांडले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्याला लाज वाटू नये, अशी अपेक्षा त्यांनी नोंदवली. वर्धा योजनेचा इतिहास सांगताना हे निवेदन सहसा आठवले जात नाही. पण हाताने काम न करणारा शिक्षक हाताने काम करणाऱ्याच्या मुलाला त्याचे घर विसरायला शिकवतो, हे फुल्यांनी पंचावन्न वर्षे आधी ओळखले होते. म्हणून १९३७ चा विचार केवळ वर्ध्याजवळच्या सेवाग्राममधल्या गांधींच्या आश्रमात उगवला असे मानणे मला मान्य नाही.

१९३७ ची तातडी मात्र वेगळी होती. त्या वर्षी जुलैच्या सुमारास काँग्रेसने अनेक प्रांतांत मंत्रिमंडळे बनवली. दारूबंदी हे तिचे वचन होते आणि शिक्षणाचा खर्च बराचसा दारूवरच्या अबकारी उत्पन्नातून भागत होता. दारू बंद करायची तर शाळा कशावर चालवायच्या? गांधींनी ‘हरिजन’मध्ये याचे उत्तर दिले की शिक्षणाची सुरुवातच उत्पादक हस्तोद्योगातून करावी, आणि त्या उत्पन्नातून शाळेचा खर्च भागावा. यावर विचार करण्यासाठी २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात परिषद भरली. निमित्त होते नवभारत विद्यालयाच्या, म्हणजे पूर्वीच्या मारवाडी विद्यालयाच्या, रौप्यमहोत्सवाचे. अध्यक्ष गांधी होते. झाकिर हुसेन, विनोबा, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा, के. टी. शहा यांच्याबरोबर मुंबईचे बाळासाहेब खेर आणि मध्य प्रांताचे रविशंकर शुक्ल असे सत्तेतले लोकही होते. ठराव चार झाले: सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यास, आणि त्यातून हळूहळू शिक्षकाच्या पगाराची सोय. चौथ्या ठरावाने पुढे पहिल्या तिन्हींवर सावली धरली, हे या योजनेचे दुर्दैव.

तपशील ठरवण्यासाठी झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, अहवाल दिला. त्यातले वेळापत्रक पाहण्यासारखे आहे. साडेपाच तासांच्या दिवसात मूलोद्योगाला, म्हणजे निवडलेल्या हस्तोद्योगाला, ३ तास २० मिनिटे. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटे. मातृभाषा ४० मिनिटे. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान ३० मिनिटे. व्यायाम आणि सुट्टी प्रत्येकी १० मिनिटे. वर्षाला कामाचे दिवस २८८. गणित एवढेसेच का, असे वाटेल, पण गणित उद्योगात मिसळलेले होते. सुताचा नंबर ठरवायचा कसा ते घ्या. ८४० वार सुताची एक लड, आणि एक पौंड वजनात जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा नंबर. सोळा नंबरी सूत म्हणजे पौंडाला १३,४४० वार. आपण टकळीवर काढलेल्या चिमूटभर सुताची लांबी मोजायची, वजन करायचे आणि नंबर काढायचा, म्हणजे अपूर्णांक, त्रैराशिक, सरासरी आणि मापे बदलणे सगळे आले. उत्तर चुकले तर सूत जवळच असते, पुन्हा मोजता येते. तेच पेळूचे. पेळू ओलसर झाला तर धागा कसा वागतो, पीळ कमी पडला तर तो का तुटतो, जास्त पडला तर का गुंततो, हे विज्ञान. ढाक्याची मलमल कुठे गेली आणि लँकेशायर कशावर वाढले, हा इतिहास. समितीत असलेले विनोबा १९२१ पासून वर्ध्यात होते आणि कातण्याचा त्यांनी किती बारकाईने अभ्यास केला हे सर्वश्रुत आहे. पीळ, वेग, श्रम आणि मजुरी यांचा हिशेब मांडता मांडता त्यांनी कातण्याला एक शिस्तबद्ध विषय बनवले.

या योजनेवरची सर्वांत जुनी हरकत परिषदेतच घेतली गेली. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी विचारले की मुलांनी बनवलेला माल बाजारात गेला तर तो गावच्या कारागिराशीच स्पर्धा करणार नाही का, आणि पगार मुलांच्या हातच्या मालावर अवलंबून असेल तर शिक्षक मुकादम होणार नाही का? ही हरकत पोकळ नव्हती. समितीनेही हा धोका कबूल केला आणि गरीब मुलांचे श्रम पिळले जाण्याची भीती अहवालातच नोंदवली. शिवाय योजना स्वावलंबी ठरली नाही तरी उत्तम शिक्षण म्हणून ती स्वीकारली पाहिजे, असेही तिने म्हटले. म्हणजे समितीच्या स्वतःच्या मते कमाई हा योजनेचा प्राण नव्हता. पुढे १९४४ च्या सरकारी सार्जंट योजनेने बुनियादी शिक्षणाची, म्हणजे वर्धा योजनेचीच, कल्पना घेतली आणि शाळेचा खर्च मुलांच्या मालातून काढण्याची अट बाजूला ठेवली. माझ्या मते ते योग्यच झाले. चौथा ठराव चुकीचा होता. दारूबंदीने पडलेले भगदाड भरण्याचे काम सात वर्षांच्या मुलाचे नसते. पण हा ठराव वगळल्यावर उरलेल्या तीन ठरावांवर विरोधकांनी क्वचितच मुद्देसूद वाद घातला. चौथा पाडला म्हणजे सगळी योजना पाडली, असे धरून ते पुढे निघून गेले.

दुसरी हरकत जातीची, आणि ती जास्त खोल आहे. ज्यांना शतकानुशतके हातकामातच डांबले गेले, त्यांच्या मुलांना शाळेतही हातकामच द्यायचे हा कुठला न्याय? हा संशय मद्रास प्रांतात खरा ठरल्यासारखा वाटला. १९५३ मध्ये मुख्यमंत्री राजाजींनी प्राथमिक शाळेचा वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा अशी योजना आणली. लोकांनी तिला कुलधंद्याचे शिक्षण म्हटले, आंदोलन पेटले, आणि १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती रद्द झाली. तिला झालेला विरोध सर्वस्वी न्याय्य होता. पण वर्धा योजना त्या जातीची नव्हती. वर्ध्यात उद्योग घराचा नव्हता, शाळेचा होता. चांभाराच्या मुलाला चामडे आणि ब्राह्मणाच्या मुलाला पुस्तक अशी वाटणी त्यात नव्हती, सर्वांना एकच टकळी होती. सेवाग्रामच्या शाळेत झाडलोट आणि सफाई हाही सर्वांचा अभ्यास होता. शिक्षणतज्ज्ञ कृष्णकुमार यांनी हा मुद्दा नेमका पकडला आहे: आजवर खालच्या मानलेल्या जातींजवळ असलेल्या ज्ञानाला अभ्यासक्रमात केंद्रस्थान देणे, ही त्या काळी उच्चवर्णीय शाळेच्या मुळावरच येणारी गोष्ट होती.

तरीही एवढ्याने हरकत मिटत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. त्यांचा मार्ग उलट्या दिशेचा होता: जे नाकारले गेले तेच आधी मिळवायचे, कायदा, अर्थशास्त्र, इंग्रजी, पदवी. सत्ता पदवीतून चालत होती, तेव्हा पदवी सोडून टकळी धरा असे दलित मुलाला सांगणे म्हणजे त्याला पुन्हा दाराबाहेर उभे करणे होते. हे म्हणणे मला अकाट्य वाटते, पण एका अटीवर. सत्ता पदवीतून चालत होती कारण दोन प्रकारच्या शाळा चालू ठेवल्या गेल्या. कलेक्टरचा, डॉक्टरचा, शेठजींचा मुलगाही ३ तास २० मिनिटे टकळी आणि करवत चालवत असता, तर हातकाम हे कोणा एकाच्या कपाळावरचे लिहिणे राहिले नसते. योजनेच्या कागदावर सर्व मुले होती. प्रत्यक्षात ती गरिबांच्या आणि खेड्यांच्या शाळेत गेली, शहरातली इंग्रजी शाळा जशीच्या तशी राहिली. जातीच्या हरकतीला खरे बळ मिळाले ते इथून.

योजनेचा पुढचा इतिहास हेच सांगतो. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने तिला मान्यता दिली, त्यानंतर हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला आणि सिलोनहून आलेले ई. डब्ल्यू. आर्यनायकम व त्यांच्या पत्नी आशादेवी यांनी सेवाग्रामला आयुष्य वाहिले. मध्य प्रांतात शुक्लांच्या विद्यामंदिर योजनेचे शिक्षक-प्रशिक्षण वर्ध्यात सुरू झाले, पण ‘मंदिर’ या नावावरून मुस्लिम लीगने आक्षेप घेतला आणि शाळेचा प्रश्न धार्मिक राजकारणात अडकला. १९३९ अखेर मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, १९४२ मध्ये कार्यकर्ते तुरुंगात गेले. जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम परिषदेने नई तालीम बालवाडीपासून प्रौढांपर्यंत पसरवली: पूर्व बुनियादी, बुनियादी, उत्तर बुनियादी आणि प्रौढशिक्षण. स्वातंत्र्यानंतर राज्याराज्यांत बुनियादी शाळांच्या पाट्या लागल्या. पण कॉलेजचे आणि नोकरीचे दार मॅट्रिकच्या प्रमाणपत्रानेच उघडत होते, आणि मॅट्रिकच्या परीक्षेत टकळीला गुण नव्हते. मग पालकाने काय करावे? त्याने मुलाला टकळीपासून सोडवले, आणि त्याला दोष देता येणार नाही. शाळेतही उद्योगाचा तास वेगळा आणि अभ्यासाचा तास वेगळा झाला. सुताच्या नंबराचे गणित कोणी मांडेना, नुसते सूत जमा होऊ लागले. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभव हा शब्द दिला, १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक काम आणले. महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेल्या कोणालाही कार्यानुभवाच्या तासाचे काय होत असे ते सांगावे लागत नाही.

तिसरी हरकत अभ्यासकांची: सगळे ज्ञान एका उद्योगाला लटकवता येत नाही. टकळीतून कापसाचा इतिहास निघेल, पण ग्रहणे, रक्ताभिसरण, लोकशाही हे तिच्यातून काढायला गेले तर ओढाताणच होणार. अशी ओढाताण पुष्कळ बुनियादी शाळांत झाली आणि ती हास्यास्पद होती. अहवालात मात्र अभ्यास गुंफण्याची केंद्रे तीन सांगितली होती: उद्योग, भोवतालची निसर्गसृष्टी आणि भोवतालचा समाज. ज्या विषयाचा उद्योगाशी सांधा जुळत नाही तो इतर दोन केंद्रांतून यावा. हे शिक्षकांपर्यंत पोचले नाही, कारण असा सांधा जुळवण्यासाठी शिक्षकाला उद्योग आणि विषय दोन्ही यावे लागतात. असा शिक्षक घडवायला सरकारने दिलेला वेळ अगदी अपुरा होता. फुल्यांनी मागितलेला शिक्षक १९३७ नंतरही पुरेशा संख्येने तयार झाला नाही.

सेवाग्रामला २००५ मध्ये आनंद निकेतन ही शाळा नई तालीमच्या विचाराने पुन्हा सुरू झाली आणि शेती, स्वयंपाक, कताई तिथे अभ्यासाचा भाग आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांकडे जावे, असे त्यात म्हटले आहे. कारागिराला जाणकार मानले ही चांगली गोष्ट. पण झाकिर हुसेन समितीच्या हिशेबाने मूल वर्षाला ९६० तास हाताने काम करत शिकणार होते, आणि आता त्याला तीन वर्षांत दहा दिवस मिळणार आहेत. दहा दिवसांत कोणी सुतारकाम जाणत नाही. ती फार तर सहल होते. शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे की या दहा दिवसांचे कार्यक्रम आखण्याआधी १९३७ चा तो अहवाल मुळातून वाचावा. तो मोठा नाही. शिक्षणशास्त्राच्या पदविकेला त्याच्यावर चार ओळींची टीप असते, त्याऐवजी अख्खा अहवाल लावावा, आणि सुताराकडे मुले न्यायचीच असतील तर महापालिकेच्या शाळेतली आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेतली मुले एकाच दिवशी एकाच सुताराकडे न्यावीत.